दादाच्या गाडीचा सायलेन्सर

गॅरेजवाला गाडीमागे कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि न वाकताच म्हणाला, "गेलाय सायलेन्सर, शेठ. नवा टाकू."

"वाकून तरी बघ की! उभ्या उभ्या कसला निकाल देतोस?"

"त्यात बघायचंय काय? पापुद्रे निघालेत, आतून लाल झालाय. इथूनच दिसतंय."

मी त्याला चार शब्द सुनावले आणि गाडी बाहेर काढली. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी पाठीवर गोणी वाहिली आहे आणि आज त्याच बाजारात माझा गाळा आहे. माल न बघता भाव सांगणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. जुईनगरला घरी जाता जाता हार्डवेअरच्या दुकानातून तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, थिनर आणि उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या रंगाचे दोन स्प्रे घेतले. तिथेही घासाघीस केलीच. तो स्वभाव आहे, जाणार नाही.

घाईला कारण होतं. दुसऱ्या दिवशी दादाचं वर्षश्राद्ध होतं, साताऱ्याकडे गावी. वहिनी माझ्याबरोबर येणार होती, याच गाडीतून. गाडी मुळात दादाचीच. मी ती विकत घेतल्यापासून वहिनी तिच्यात बसलेली नव्हती. मागून चालत येताना तिला तो लाल, सोललेला सायलेन्सर दिसू नये, एवढंच मला हवं होतं. कारण त्याच सायलेन्सरवर बोट ठेवून मी दादाकडून गाडीचा भाव पाडला होता.

तो सौदा ऐरोलीला, त्याच्या बिल्डिंगखाली झाला. आम्ही दोघेही बाजारातले, त्यामुळे दादाने हसत खांद्यावरचा रुमाल काढला. बाजाराची जुनी रीत: रुमालाखाली हातात हात द्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेरच्याला काही कळत नाही. भावाभावांत रुमालाची गरज नव्हती, पण मला ही रीत त्यानेच शिकवली होती.

मी आधी गाडीमागे जाऊन आलो. "दादा, हा सायलेन्सर कुजलाय. लाल गंज सुटलाय. बाजारात असला माल मी परत पाठवतो."

"बरं," दादा म्हणाला. "मग तू सांग."

मी बोटं दाबली. त्याचा हात ढिला होता. बोटं हाडकुळी लागली, पकड नव्हतीच. रुमालाखाली समोरच्याचा हात ढिला पडला की बाजारातला माणूस एकच अर्थ काढतो: याला गरज आहे, अजून खाली ये. मी अजून खाली आलो. त्याने एकदाही बोट मागे घेतलं नाही.

चार महिन्यांत तो गेला. पोटाचा आजार आधीपासून होता, सगळ्यांना माहीत होता, फक्त मला सांगितलेला नव्हता. "तो चिडेल, धावपळ करेल," असं दादाच म्हणाला होता म्हणे. आणि तेराव्याला पंगतीत कुजबुज माझीच, की मरणाऱ्या भावाची गाडी याने पाडून घेतली. हा सल मी वर्षभर उराशी धरून आहे. एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी रुमालाखाली हात घातला असता का? ऐरोलीच्या सिग्नलला थांबलो की अजूनही गिअरवरच्या हाताला ती बोटं लागतात. मी हात काढून मांडीवर ठेवतो.

त्याच दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी गार झाल्यावर चाकांना विटा लावल्या, मागची बाजू उचलून खाली टेकू दिले आणि पाठीवर झोपून आत सरकलो. बंपरला वर्तमानपत्र चिकटवलं. तारेचा ब्रश फिरवला तसे पापुद्रे तोंडावर पडू लागले. वर चंदेरी, खाली लाल.

थोड्या वेळाने हात थांबला. गंज घासला की त्याची भुकटी होते, खाली खड्डे दिसतात. हा लाल थर सालीसारखा सुटत होता. नखाने उचलला. तो गंज नव्हताच. खिडकीच्या ग्रिलला चंदेरी रंगाआधी लावतात तो लाल प्रायमर होता. आणि त्याखाली पत्रा स्वच्छ, कोरा. कुठे खड्डा नाही, भोक नाही. मी टिचकी मारली. टणक आवाज आला.

मीही त्या दिवशी वाकलो नव्हतो.

"भाऊजी, गाडीखाली काय करताय?"

वहिनीच्या चपला दिसल्या. ती संध्याकाळी येणार होती, दुपारीच आली. मी बाहेर सरकलो, पण उठून उभं राहवेना. तिथेच फरशीवर बसलो.

"वहिनी, हा सायलेन्सर नवा होता?"

तिने पिशवी खाली ठेवली. "गाडी द्यायच्या पंधरा दिवस आधी यांनीच नवा बसवून आणला. म्हणाले, तो लांब लांब जातो माल बघायला, रस्त्यात अडकायला नको. वर खाडीच्या हवेने गंजू नये म्हणून ग्रिलचा उरलेला रंग लावत बसले. मी म्हटलं, तापल्यावर हा रंग टिकेल का? ऐकतात कुठे. आठ दिवसांत सोलला."

"मग मला का नाही सांगितलं? मी गंज म्हटलं, तर 'बरं' म्हणाला!"

माझा आवाज चढला होता. वहिनी तशीच उभी राहिली.

"तुम्ही सांगू दिलंत का, भाऊजी? तुम्ही भाव करायला लागलात की कुणी मध्ये बोलतं का? वर आल्यावर हसत होते. म्हणाले, धाकटा पक्का झालाय. मग पाणी मागितलं आणि झोपले."

मला वर्षभर वाटत होतं, कुणीतरी माझी माफी मागायची आहे. मी परत गाडीखाली सरकलो, कारण तिच्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

थिनरने पुसून पातळ पातळ तीन हात मारले. पण सायलेन्सरची वरची बाजू, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे दादाचा चंदेरी रंग अजून घट्ट होता. जाड ओघळ, आणि त्यात अडकलेला ब्रशचा एक केस. तेवढा भाग मी घासला नाही. त्यावर कागद धरून बाकीचं रंगवलं.

रंग सुकल्यावर, तो भाजून पक्का व्हावा म्हणून, इंजिन चालू केलं. नव्या रंगाचा उग्र धूर आला. वहिनी पदर नाकाला लावून मागे उभी होती.

"आता छान दिसतोय," ती म्हणाली.

वरचा तो दादाच्या रंगाचा तुकडाही तापत होता. तोही सुटणार, एखाद्या दिवशी रस्त्यात कुठेतरी पडणार. आता गाडी थांबली की मी आधी मागे जातो आणि खाली वाकून बघतो.