सात गळ्यांचा सदरा

मास्तर म्हणजे आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावरचे शिंपी. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. स्वभाव इतका भिडस्त, की धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते खांबाआड सापडतात. अशा माणसाच्या पोटी मुलगी निघाली ती लोकांपुढे गप्प उभी राहून 'प्रयोग' करणारी.

एकदा ती दुकानात आली. "बाबा, मला एक सदरा शिवून हवाय. सात गळे, चौदा बाह्या."

"माप कुणाचं घेऊ?"

"जो येईल त्याचं."

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि कापड बेतायला घेतलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी दालन गच्च भरलं. मुलगी मधल्या गळ्यातून डोकं काढून उभी, बाकीचा सदरा जमिनीवर पसरलेला. आपण एक शब्द बोलायचा नाही, जो येईल त्याला आत घ्यायचं, एवढाच तिचा नियम. पण येतंय कोण? सगळे भिंतीला पाठ लावून खाकरत उभे.

मास्तरांची नजर गेली एका उलट्या झालेल्या बाहीवर. त्यांना राहवेना. ते वाकले, आतून हात घालून बाही सुलट केली, आणि हात अडकला तो अडकलाच. मागे फिरावं तर सगळं दालन बघतंय. घामाघूम होऊन त्यांनी शेजारच्या गळ्यातून डोकं वर काढलं, तर वीतभर अंतरावर लेकीचा चेहरा. हसू दाबून दाबून तिचे ओठ थरथरत होते. मास्तर फिसकन हसले.

मग काय विचारता. एक जाडजूड पोस्टमन आत शिरला, मागोमाग दोन नर्सबाई, मग कुणाची तरी सासू. "असले थेर मला नाही जमायचे," असं म्हणत मास्तरांची बायको शेवटच्या गळ्यातून वर आली.

पोस्टमन शिंकला की सातही जण हिंदकळायचे.

"अहो, हा पाय कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"माझाच असावा," मास्तर म्हणाले. "पण खात्री नाही."

दारातून खेकड्यासारखी तिरकी होत ही वरात रस्त्यावर आली. बस थांबली, प्रवासी खिडक्यांतून लोंबकळले. मघाशी भिंतीला चिकटलेली मंडळी टाळ्या पिटत मागे धावत होती. ऐन चौकात मास्तरांच्या काखेतली शिवण टर्रकन उसवली. मास्तर हसत हसत रस्त्यातच बसले, तेव्हा उरलेल्या सहा जणांनाही बसावंच लागलं.

आता लेक कुठेही प्रयोगाला निघाली की मास्तर दुकानाला कुलूप लावून सोबत जातात. "तुम्हीपण कलाकार का?" असं कुणी विचारलं तर म्हणतात, "छे, मी डावीकडून तिसरा."

पुढच्या सदऱ्याचं कापड बायकोने पसंत केलंय. नऊ गळे हवेत म्हणते, तिच्या दोन्ही बहिणी हटून बसल्यात.