दिव्याखाली लाल दिसलेला खडा

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. शहरात कधी दगडफेक, कधी संचारबंदी. गावाकडून आमच्या लोकांची घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि आमच्या वस्तीत संध्याकाळपासूनच दारं लागायची. वडील चितेगावच्या कंपनीत कामाला होते. एसटी बंद पडल्यामुळं ते तिकडंच अडकले होते. घरी मी आणि आई दोघीच.

मी सराफ्यातल्या एका दुकानाचं दागिने ओवायचं काम घरी आणायची. त्या दुपारी सराफानं सराच्या मोत्यांबरोबर एक सुटा खडा दिला. थेंबासारखा, वरून भोक पाडलेला. सराच्या मधोमध लावायचा होता. दुकानाच्या पायरीवर, उन्हात धरून त्यानं तो मला दाखवला. भिजवलेल्या मुगासारखा हिरवा.

"जपून ने. असा दुसरा मिळायचा नाही," तो म्हणाला आणि पुडी बांधून दिली.

वाटेत पळापळ झाली. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. पर्स छातीशी धरून मी गर्दीतून कशीबशी घरी पोचले. दिवेलागणीला बल्ब लावून पुडी सोडली, तर आत लाल खडा. डाळिंबाच्या दाण्यासारखा.

मी पुडी आईपुढं धरली आणि दुकानात हिरवा दिला होता, ते सांगितलं.

"रस्त्यात कुणी पर्समधी हात घातला का?" आईनं विचारलं.

"नाय. पुडी होती तशीच होती."

"मंग दुकानातच बदलला आसंल. आता म्हणतील, पोरीनं हिरवा नेला अन् लाल आणला. आपलं कोण ऐकणार हाय?"

आमची वस्ती कुठली, आम्ही कोण, हे सराफ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं पुडी मसाल्याच्या डब्यात दडवली आणि दिवा मालवला. बाहेरून पोलिसांची गाडी गेली, तेव्हा ती आमच्याच दाराशी थांबणार असं वाटून मी उठून बसले. ती थांबली नाही. पण झोपही आली नाही.

सकाळी डबा अंगणात नेऊन उघडला, तर खडा हिरवा. आई दोन पावलं मागं सरली. मला तर आदल्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, तेच कळेना.

"आत्ताच्या आत्ता देऊन ये. मला ती वस्तू घरात नको," आई म्हणाली.

संचारबंदी थोडा वेळ उठली, तशी मी निघाले. सराफ अर्धं शटर वर करून बसला होता. मी पुडी आणि मोती त्याच्यापुढं ठेवले.

"शेठ, हा तुमचाच खडा आहे का, बघा."

"माझाच. ओवला का नाहीस?"

मी सगळं सांगितलं. तो हसला. शटर खाली ओढून त्यानं काट्यावरचा पिवळा बल्ब लावला. खडा पुन्हा लाल झाला.

"अलेक्झांड्राइट म्हणतात ह्याला. उन्हात हिरवा, बल्बखाली लाल. लई दुर्मिळ. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

पहिल्यांदाच मी तो नीट पाहिला. सुंदर होता. पण हातात घ्यावासा वाटला नाही.

"काल संध्याकाळी मी तुमच्या घरी हा लाल खडा घेऊन आले असते अन् दारात ह्या खड्याचं माहीत नसलेलं दुसरं कुणी असतं, तर?" मी विचारलं.

त्याचं हसू गेलं. "तर कठीण होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

सर मी तिथंच, त्याच्यासमोर बसून ओवला. गाठ मारून त्याच्या हातात दिला आणि संचारबंदी लागायच्या आत घर गाठलं. त्यानंतर मौल्यवान खड्यांचं काम मी कधी घरी आणलं नाही.

वडील कंपनीच्या ट्रकमधून परत आले, तेव्हा आम्ही त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला पण बघायला पायजे होता."

"नाय बघितला तेच बरं," आई म्हणाली आणि त्यांच्यापुढं ताट सरकवलं.