पोपटाची स्वरचित गोष्ट

नाशिकच्या जुन्या भागात आमचं वाचनालय होतं. एरवी तिथं मोठी माणसं मान खाली घालून वर्तमानपत्रं वाचत बसायची. पण मे महिन्यातल्या एका रविवारी बालविभागाचा पालक-बालक मेळावा भरायचा आणि मग त्या इमारतीत नुसता धुडगूस असायचा. सतरंज्यांवर चित्रं रंगवायची, कागदाचे मुखवटे करायचे, आईबाबांच्या जोडीने कोडी सोडवायची आणि मधूनमधून लिंबू सरबत ढोसायचं. शेवटी कथाकथनाची स्पर्धा. तिचा नियम एकच होता : गोष्ट स्वरचित हवी, म्हणजे मुलाने स्वतः रचलेली.

हा नियम कुणीही पाळत नसे. नव्वदच्या दशकातले आमचे आईबाप इतर बाबतीत सज्जन होते, पण मुलांच्या स्पर्धा म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. गोष्ट मोठ्यांनी लिहायची, मुलाकडून घोकून घ्यायची आणि मुलाने ती हातवारे करत म्हणायची, ही रीतच होती. दुसरीतलं एक पोर ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ म्हणताना दोनदा अडखळलं, तरी बालविभागाच्या ताई कौतुकाने मान डोलावत होत्या. त्याच परीक्षक होत्या, आणि त्यांना सगळं ठाऊक असणार.

माझी गोष्ट आईने लिहिली होती. मी चौथीत होते. आई येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन नाशिकला आलेली. ती काही लिहू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. दुपारी बाबा कंपनीत आणि आजी झोपलेली असताना ती जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहायची आणि मला हळू आवाजात वाचून दाखवायची.

गोष्ट होती पैठणीच्या पदरावर विणलेल्या एका पोपटाची. विणकराकडचं हिरवं रेशीम संपतं आणि पोपटाचा एक पंख अर्धाच राहतो. मग तो पदरावरून उतरतो आणि हिरवा धागा मागत गावभर फिरतो. भाजीवाली त्याला मेथीची काडी देते, गुरुजी हिरवा खडू देतात, पण त्यातून पंख काही होत नाही. शेवटी एक मुलगी आपल्या नव्या फ्रॉकची हिरवी शिवण उसवते आणि तो धागा त्याला देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी माझ्या फ्रॉकची शिवण चाचपून पाहिली होती. गोष्ट खरंच चांगली होती. हे मी आता म्हणते असं नाही, मला तेव्हाही ते कळत होतं.

पाठ तर चोख झाली होती. तरी अडलंच तर काय करायचं, हे आईने ठरवून ठेवलं होतं. ती समोर तिसऱ्या रांगेत बसणार आणि माझ्याबरोबर आवाज न करता ओठ हलवणार. मी फक्त तिच्याकडे बघायचं. घरी आम्ही याचीही तालीम केली.

माझा नंबर आला. मेथीची काडी छान झाली, गुरुजींच्या खडूला लोक हसलेसुद्धा. आणि मग एकदम पुढचं काही आठवेना. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, तर दुसऱ्या रांगेतल्या एक काकू शेजारणीशी बोलायला कलल्या होत्या. मला त्यांचा अंबाडा आणि त्यावरचा गजरा तेवढा दिसत होता, आईचं कपाळसुद्धा नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग माइकवर, अगदी नम्रपणे म्हटलं, “काकू, जरा बाजूला सरका ना. आई दिसत नाहीये.”

हसू आधी मागून आलं, मग सगळीकडून. ज्यांनी स्वतः आपल्या पोरांना गोष्टी लिहून दिल्या होत्या, तेही पोट धरून हसत होते. काकू बिचाऱ्या घाईघाईने सरकल्या. आई दिसली, पण आता तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती माझी की आईची, तेही कळत नव्हतं.

ताईंनी सगळ्यांना गप्प केलं. तुझ्या शब्दांत सांग, चुकलं तरी चालेल, असं मला दोनदा समजावलं. पण माझ्याकडे माझे शब्द नव्हतेच. मी फ्रॉक मुठीत धरला. तेव्हा ताई आईकडे वळल्या. “गोष्ट फार सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पुढं काय होतं ते तुम्हीच सांगा ना. आम्हाला ऐकायचंय.” त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच त्या पोपटाचं काय झालं ते ऐकायचं होतं.

आई उठली. तिने पदर सारखा केला, माइककडे पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, आता ही येऊन सांगणार. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी रडायच्या बेतात होते.

“मला नाय माहिती,” ती म्हणाली. “गोष्ट तिचीच हाय. मी नुसती पाठ करून घेतली.”

येवल्याचं बोलणं ती नाशिकच्या लोकांसमोर कधी तोंडातून येऊ देत नसे. पुन्हा कुणीतरी खुदकन हसलं. ती खाली बसली.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे पोरानं रडू नये म्हणून दिलेलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नाव पुकारलं तेव्हा कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. पहिली टाळी आईने वाजवली.

परत जाताना, वाचनालयाचा जिना उतरता उतरताच मला फ्रॉकची शिवण आठवली. मी आईला म्हटलं, शेवट आठवला. राहू दे आता, असं म्हणून तिने माझा हात धरला आणि आम्ही गर्दीतून रिक्षापर्यंत चालत गेलो.

घरी बाबांनी बक्षिसाचं प्रमाणपत्र मोठ्याने वाचून आजीला ऐकवलं. स्वरचित कथेसाठी, हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. मेळाव्यात काय झालं ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. ते इतके खुशीत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

“ही कुणावर गेली कळत नाही,” ते म्हणाले. “आपल्या घरात कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. हिच्या माहेरी तर सगळे मागावर बसलेले.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“हो ना,” ती म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

बाबा मला शेजारच्यांकडे प्रमाणपत्र दाखवायला घेऊन गेले. तिथल्या आजोबांनी गोष्ट ऐकायला मागितली. मी ती अखेरपर्यंत सांगितली, एकदाही न अडता. मग त्यांनी विचारलं, हे तुला सुचलं कसं गं? आणि मी तेही सांगितलं, तिथल्या तिथे रचून.