जावयाचा ठेका

धंद्यात माझा एक नियम आहे. ज्याच्यावर ओरडता येत नाही, त्याला काम द्यायचं नाही. हमाल असो, ट्रकवाला असो, पोती शिवणारा असो, चूक झाली की मी ओरडतो आणि थोड्या वेळानं त्यालाच चहा पाजतो. परळीच्या बाजारात मी असाच टिकलो. माझा धंदा बारदान्याचा, म्हणजे रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची आणि परत विकायची. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानासमोर पथारी टाकून केली. त्यातूनच पुढं घर झालं, पोरं शिकली. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, तोही माझ्या मनानं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या कामाला माझ्या अक्काचा नवरा ठेकेदार म्हणून आला.

घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघर उरल्यासुरल्या पैशात उरकलं होतं. कडाप्प्याचा बुटका ओटा आणि रस्त्याच्या अंगाला एक खिडकी. ती उघडली की राख आत येते. परळीत राख कुठली, असं कुणी विचारत नाही; थर्मलच्या चिमण्या गावभर दिसतात. खिडकी लावून घेतली तर फोडणीचा धूर कोंडतो. बायको त्यात पंधरा-वीस वर्षं खोकत राहिली. तिच्या बोलण्यात तक्रार कमी आणि टोमणा जास्त असायचा. स्वयंपाकघराला लागून माझी पोत्यांची खोली आहे. तिची खिडकी मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाकडं उघडते. तिथं राख येत नाही. बायको म्हणायची, "पोत्यांना वारा अन् मला राख." मी ऐकल्यासारखं करून सोडून द्यायचो. तागाचं पोतं दमट झालं की त्याचा भाव जातो, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

अखेर यंदा मी एक रक्कम बाजूला काढली आणि तिला म्हणालो, "एवढ्यात बसंल ते कर." गावातल्याच एका जुन्या मिस्त्रीला बोलावलं. त्याच्याशी सौदा करताना मला फार बरं वाटलं. त्यानं आकडा सांगितला, मी उठून उभा राहिलो. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सेठ, इत्ते में तो रेती बी नै आती," म्हणाला. मी म्हणालो, "भाई, तुमची रेती सोन्याची दिसते." दोनदा तो दारापर्यंत गेला, दोनदा मी त्याला हाक मारली नाही, आणि दोन्ही वेळा तो आपणहून परत आला. तिसऱ्या चहाला आमचं जमत आलं होतं.

तेवढ्यात आई बाजेवरून बोलली. "जावई ठेकेदार हाय अन् माझ्या घरचा ओटा भायेरचा माणूस बांधणार? लेकीच्या सासरचे, चकलांब्याचे लोक काय म्हणतील मला?"

मिस्त्री हसला आणि टोपी घालून निघून गेला. संध्याकाळी आईनं अक्काला फोन लावला.

आता दाजींचं आणि माझं काय आहे, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मी त्यांची जुनी मोटारसायकल घेतली. त्यांनी आकडा सांगितला, मी माझा सांगितला. बराच खाली सांगितला, पण सौद्यात खालीच सांगतात. ते हो म्हणाले आणि किल्ली दिली. झालं. पण त्या वर्षी अक्का पंचमीला माहेरी आली नाही. पुढच्याही वर्षी नाही. दाजींनी तिला अडवलं नव्हतं म्हणे. ती जायचं काढायची तेव्हा ते फक्त गप्प बसायचे. त्या दोन्ही पंचमींना आईनं घरात पुरण शिजवू दिलं नाही. मला आजही हे समजत नाही. माणूस हो म्हणाला, त्यात माझा काय गुन्हा? शिवाय त्या गाडीला इंजिनाचं काम निघालं, ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

दाजी यायच्या आदल्या दिवशी बायको मला म्हणाली, "ओटा न्हाई झाला तरी चालंल मला. पण आता भांडलात तर अक्का कायमच्या तुटतील. आईंचं वय बघा." मी म्हणालो, भांडणार नाही. आमच्याकडं जावयाशी भाव करायचा नसतो, हे मला मोटारसायकलीनं शिकवलंच होतं.

दाजी आले. उंच, सडपातळ, सिमेंटच्या कामावरही पांढरा शर्ट. सोबत दोन गवंडी. ते आमच्याकडंच राहणार होते. दाजींनी टेप काढला, भिंती मोजल्या, ओट्यावर बोटांची पेरं वाजवली. मी विचारलं, "किती होतील, दाजी?"

"घरचंच काम हाय. बघू."

माझ्या धंद्यात यासारखं महाग वाक्य नाही. आकडा असला तर माणूस त्याच्याशी झुंजतो, त्याला खाली ओढतो. आकडाच नसेल तर काय करायचं? दाजींनी कडाप्प्याऐवजी ग्रॅनाईट आणला. मी विचारलं, "याचे किती?" म्हणाले, "वळखीतून आणलाय." "तरी किती?" तर आत बघून म्हणाले, "वैनी, पानं वाढा." नळ बदलले, भिंतीला फरशी डोक्याच्या वरपर्यंत घेतली, भांड्यांना कप्पे वाढवले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "बघू." मी बाजूला काढलेली रक्कम कुठवर आली, पुरली की संपली, काही कळेना. बाजारात मला लोक विचारायचे, तब्येत बरी नाही का. ओरडायचं असेल तर मी दुकानात जाऊन पोत्यांवर ओरडायचो.

आणि जेवणावळी चाललेल्याच. जावई घरात, म्हणून रोज काहीतरी गोड. जावयाचे गवंडी म्हणजे वऱ्हाडच, म्हणून त्यांनाही गोड. त्यातला एक जण आईला म्हणाला, "आजी, असं काम जन्मभर चालू दे." आईला ते फार आवडलं. मला काय वाटलं ते लिहीत नाही.

त्यात अधिक महिना लागला. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवे कपडे, हा आमच्याकडचा मोठा मान. आईनं जाहीर केलं, "जावई घरातच हायेत, लेकीला बोलावून घ्या, धोंडा करू." मी म्हणालो, "आई, स्वयंपाकघर कुठं आहे?" खरंच नव्हतं. ओटा फोडलेला, फरशी उखडलेली, गॅसची शेगडी मागच्या अंगणात माझ्याच पोत्यांच्या खोलीच्या आडोशाला. ज्या माणसानं चूल मोडली, त्यालाच त्या मोडक्या घरात पुरणाचं घालायचं. आई म्हणाली, "मग भायेरचं आणून घालू का जावयाला धोंड्यात?" विषय संपला. बायकोनं तीन दिवस आधी तांदूळ भिजत घातले. वाऱ्यानं शेगडी विझायची आणि ती पुन्हा पेटवायची. एका शब्दानं कुरकुरली नाही. उलट त्या दिवसांत ती मला जरा खुशीत दिसत होती. त्याचं कारण मला नंतर कळलं.

धोंड्याच्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर अक्काला आणायला गेलो. ती उतरली, मला खाली-वर बघून म्हणाली, "वाळलास." मी म्हणालो, "तुझ्या नवऱ्याला विचार." ती हसली. पिशवी मी घेतली. घरी आलो, तिला आतलं काम दाखवावं म्हणून पुढं झालो आणि उंबऱ्यातच थांबलो.

स्वयंपाकघर आणि पोत्यांची खोली यांच्यामधली भिंत नव्हती. विटांचा ढीग होता. माझी पोती अर्धी कोपऱ्यात रचलेली, अर्धी अंगणात. आणि लिंबाकडच्या खिडकीतून उजेड सरळ आदल्या दिवशीच बसवलेल्या नव्या ओट्यावर पडला होता.

"ही भिंत कुणाला विचारून पाडली?"

दाजी विटा मोजत होते. "वैनीला उजेड पायजे व्हता."

"उजेड माझ्या खोलीत होता का?"

"व्हता की. तुमच्या पोत्यांनी धरून ठेवलता."

गवंडी हसले. मी बायकोकडं बघितलं. ती अंगणात पुरण घाटत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला तिच्या खुशीचं कारण कळलं. मी म्हणालो, ताग दमट होईल, माल सडेल, वीस वर्षं मी ती खोली जपली. दाजी म्हणाले, "माल जपला, वैनीला खोकला लावला."

मग माझा तोल गेला. मी म्हणालो, "आकडा सांगा. आज, आत्ता. ग्रॅनाईटचा, फरशीचा, या भिंतीचा. ठेकेदार म्हणून आलात का पाहुणे म्हणून, ते एकदा ठरवा."

पुरण घाटायचा आवाज थांबला. जावयाला, तेही धोंड्याच्या दिवशी, कुणी असं बोलत नाही. दाजींनी हातातली वीट खाली ठेवली. नळाखाली हात धुतले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, खुंटीवरची पिशवी घेतली आणि अक्काला म्हणाले, "चल."

अक्काची पिशवी अजून माझ्याच हातात होती. आई बाजेवर उठून बसली होती. मी दाजींकडं बघत नव्हतो, आईकडं बघत होतो. मला स्पष्ट दिसत होतं की ही पिशवी मी आता अक्काच्या हातात दिली, तर ती या घरात परत यायची नाही.

अक्का म्हणाली, "मी आत्ता आले. पाणी तरी पिऊ का न्हाई?" आणि ती पोत्यांच्या थप्पीवर बसली. बायकोनं धावत तांब्या आणला. पाणी पिऊन अक्का नवऱ्याला म्हणाली, "तुमी ह्याला आकडा काहून सांगंनात?"

दाजींनी पिशवी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "सांगितला की ह्यो अर्धा करतो. गाडीचा केला. मला न्हाई म्हणता येत न्हाई."

"मग म्हणायचं नाही," मी म्हणालो. "मी काय गळा धरला होता?"

"बायकोच्या भावाला न्हाई म्हणतेत का?" दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "घरी जाऊन चार दिवस झोप लागली न्हाई. हिला कसं सांगावं, तुझ्या भावानं लुटलं मला."

अक्का म्हणाली, "मला काय, मला म्हायतच हाय. ल्हानपणी माझ्या वाटणीचा गूळबी ह्यानं असाच घेतलता."

कुणी हसलं नाही, पण दाजींनी पिशवी खांद्यावरून खाली केली. मी इतकी वर्षं समजत होतो की बोलायची बंदी फक्त मला आहे.

तेवढ्यात आई बाजेवरून बोलली. "तोंडानं भाव करू नका म्हणते मी. तुझा बाप सख्ख्या मेव्हण्याला बैल इकायचा. कवा भांडण झालं का? टावेल घ्या."

माझा बाप बैलबाजारात दलाल होता. तिथं भाव बोलून करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे कुणी कुणाला काही बोललं, असं होत नाही.

जावयाच्या आहेराचं ताट तयार होतं. अक्कानं त्यातला कोरा टॉवेल उचलला आणि झटकला. "इकडं या दोघं," म्हणाली. "एक बोट म्हंजी धा हजार. आता कुणी तोंड उघडायचं न्हाई."

आम्ही पोत्यांवर समोरासमोर बसलो. टॉवेलाखाली दाजींचा हात लागला. सिमेंटनं तळवा तडकलेला, बोटं लाकडासारखी. त्यांनी आकडा धरला. मी एवढा जोरात हात मागं ओढला की टॉवेल पडता पडता राहिला. अक्कानं डोळे वटारले. मी माझा आकडा धरला. दाजींनी नाक फेंदारलं. बायको हातात पळी घेऊन आमची तोंडं वाचत उभी होती. रागाला तोंड लागतं. ते बंद केल्यावर माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. सौदा मात्र शिल्लक होता, आणि सौदा चांगला होता. दाजींनी एक बोट सोडलं. मी एक धरलं. मी हनुवटीनं पोत्यांकडं आणि मग अंगणाकडं खूण केली, म्हणजे पोत्यांना मागं पत्र्याचं शेड याच पैशात. त्यांनी आढ्याकडं बघितलं, विचार केला आणि माझा अंगठा असा पिरगाळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते हो होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, तर हा माणूस, जो मला आकड्याबद्दल 'बघू' सोडून दुसरं काही बोलला नव्हता, मिशीत हसत होता. त्याला हे येत होतं. माझ्यापेक्षा बरं येत होतं. मोटारसायकलीचा सौदा टॉवेलाखाली झाला असता, तर मी हरलो असतो.

शेवटचा आकडा काय ठरला ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही, दाजींनी अक्काला सांगितलेलं नाही. माझ्या रकमेच्या वर गेला एवढं सांगतो. माझं मत असं की अर्धं बोट जास्त गेलं. दाजींना विचाराल तर ते म्हणतील कमी पडलं, पण ते विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

आईनं पाट मांडायला सांगितले. विटांचा ढीग बाजूला सारून नव्या ओट्याखालीच, लिंबाच्या खिडकीसमोर, पानं घेतली. अक्का वाढायला उठली आणि आमच्याकडं बघून थांबली.

"ठरलं का न्हाई?"

"ठरलं," दाजी म्हणाले.

"मग हात सोडा की. पुरण थंड व्हायलंय."

दाजींनी कधीच सोडला होता. मीच अजून एक बोट दाबून बघत होतो.