डांगराला बोट दाखवू नका

पंचफुलाबाईचं तोंड अख्ख्या चांदूर बाजारला माहीत. भाजीबाजारात तिच्या शेजारी दुकान मांडायला लोक कचरतात. सकाळी सकाळी डोकं कोण उठवून घेणार? उन्हाळ्यात मात्र ती बाजारात कमी आणि तलावात जास्त. पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात तिची डांगरवाडी लागते. टरबुजाचे, म्हणजे इकडच्या बोलीत डांगराचे, आणि काकडीचे वेल, कडेला झोपडी आणि झोपडीपुढे खाटेवर नवरा, देवमन. गेल्या वर्षी त्याला लकवा मारला. तेव्हापासून तो बायकोशी फारसा बोलत नाही. बोलून मिळणार काय, शिव्याच.

अकोल्याचा पोरगा गजेंद्र सारखा मागे लागलेला, "बाबा, चला माया घरी, दवाखाना जवळ हाये." देवमन दर वेळी मान हलवून नाही म्हणायचा. पंचफुलाला वाटायचं, म्हातारा आपल्याला सोडून जायचा नाही. तोंडानं ती म्हणायची, "जाय न, माया डोस्क्याचा ताप तरी कमी होईन." पण त्या दिवशी त्याच्या भाकरीवर तूप जरा जास्तच पडायचं.

वैशाखात अवकाळी पाऊस कोसळला. गाळावर घोटाभर पाणी साचलं आणि उत्तरेकडे निघालेली पाखरं दरवर्षीसारखी तिथे उतरली. लांब पायांची, लांब चोचींची, चिखल उकरून खाणारी, शेकड्यांनी. त्यांच्याकडे बघता बघता देवमन तोंड धुवायचंही विसरला.

इकडे कोवळी टरबुजं देठापाशी मऊ पडू लागली. पंचफुला एकेक दाबून बघत होती आणि फेकत होती. तेवढ्यात अमरावतीहून गाडी भरून माणसं आली, गळ्यात दुर्बिणी लटकवून. पाण्याकडे जायची वाट वाडीतूनच. वेलांत उभी राहून ती एकमेकांना बोटानं पाखरं दाखवू लागली. कोवळ्या फळावर बोट रोखलं की ते सडतं, हे वाडीवरचं शेंबडं पोरही जाणतं. दाखवायचंच तर मूठ वळून दाखवावं.

"ओ बाई, बोटं खाली करा," पंचफुला ओरडली. "मायं डांगर सडून राह्यलं."

त्यांची पुढारीण आरती, कॉलेजात शिकवणारी. ती म्हणाली, "मावशी, आम्ही पक्षी दाखवतोय, टरबुजं नाही."

"बोट तं वेलावरूनच जाते न."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. झालं. पंचफुलानं रानडुकरं हाकलायचा पत्र्याचा डबा उचलला, लुगडं खोचलं आणि पाण्यात शिरून तो बडवायला लागली. पाखरांचा थवा एकदम उठला, बांधावरून फिरला आणि दिसेनासा झाला.

"पाखरंच नसली तं तुमी येता कशाले, तेच पाहातो मी."

"अहो, फार लांब जायचंय त्यांना," आरतीचा आवाज चढला. "इथे पोट भरत होती ती."

"माया पोटाचं पाहा अगोदर."

गाडी धूळ उडवत गेली. पंचफुला मोठं रण जिंकल्यासारखी झोपडीकडे आली. "गेले एकदाचे मुडदे."

देवमन रिकाम्या पाण्याकडे बघत होता. त्याची जीभ जड झालेली, तरी शब्द कळत होते. "पाण्यानं सडले ते. बोटानं नाई."

ते तिलाही माहीत होतं. पण आभाळाशी भांडून काय हाती लागतं?

"गजेंद्रले फोन लाव," तो म्हणाला. "येतो म्हनाव अकोल्याले."

"काहून? आजवर तं नाई नाई म्हनत होता."

"पाखरं यायची होती. त्याच्यापायी थांबलो होतो."

"अन् मी?"

देवमननं तोंड फिरवलं. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप. ओल्या हातानं तिनं फोन लावला.

"हां माय, बोल," गजेंद्र म्हणाला.

"तुया बापाले घेऊन जाय. आजच्या आज. मले एकटीले चांगलं जमते."