गफूरभाईंची सहावी ओळ

आमच्या गफूरभाईंना एका व्हिला कंपाउंडच्या मेंटेनन्स मॅनेजरने फसवलं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, बिचारे गेले, चांगले होते. चांगले तर होतेच. पण त्यांचं नाव खराब करून ठेवलं होतं, आणि ते पूर्ण साफ व्हायच्या आत ते गेले. दीड महिना झाला. सकाळी अल क्वोजमधल्या आमच्या वर्कशॉपवर छतावर अंथरायच्या मेम्ब्रेनचे रोल उतरत होते, सप्लायरशी भावावरून माझा आवाज नेहमीसारखा चढला होता, तेवढ्यात शारजाहून जुलेखाभाभींचा फोन आला. "शिंदेभाऊ, हे गेले..." पहाटे फजरच्या नमाजाला उठले, चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या... मी सप्लायरला म्हणालो, सांगतोस तो भाव लाव आणि जा. पंचवीस वर्षांच्या धंद्यात असं मी कुणाला म्हटलेलं नाही.

मी साताऱ्याकडचा. गवंड्याच्या हाताखाली मिक्सर चालवायला इथे आलो आणि पुढे व्हिलांच्या छतांचं वॉटरप्रूफिंग करणारी स्वतःची कंपनी काढली. गफूरभाई म्हसळ्याचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. एस्टिमेट लिहायला मी त्यांना ठेवलं, तेव्हा माझ्या लेखी एस्टिमेट म्हणजे अर्धं पान होतं: छताचं पूर्ण काम, इतके दिरहम, खाली सही. पहिल्याच व्हिलाच्या छतावर त्यांनी तीन तास लावले. परत येऊन चार पानं लिहिली. जुना थर किती खरवडणार, उतार कुठल्या ड्रेनकडे काढणार, एसीचे युनिट हलवायचे कुणी, आणि शेवटी ठळक अक्षरात, 'या किमतीत काय येत नाही'. वर ती पानं ते घरातल्या माणसांना छतावर नेऊन वाचून दाखवायचे, जिथली ओळ तिथे उभं राहून. मॅडम टोपी शोधायच्या, मुलगा म्हणायचा, "अंकल, इट्स सो हॉट," आणि गफूरभाई म्हणायचे, "बस, आता फक्त पॅरापेटची भिंत."

आमचं भांडण व्हायचं ते एका ओळीवरून. इथे पाऊस वर्षातून मोजके दिवस. छताचं काम वाईट झालं तरी तो येईपर्यंत कळत नाही, आणि कळतं तोवर कॉन्ट्रॅक्टरचा नंबर बदललेला असतो. त्यावर उपाय एकच. काम झालं की ड्रेन बंद करायचे, टँकर मागवून छतावर पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. खाली थेंब आला नाही तर काम पास. ही चाचणी गफूरभाई वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीसह लिहायचे. एका व्हिलाला बाराशे दिरहम, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये.

"गफूरभाई, वेगळी ओळ दिसली की गिऱ्हाईक पहिली तीच कापतं. एकूण रकमेत घालून टाका."

"कापू दे की. कापली तर कापल्याचं दिसेल."

"दिसून काय लोणचं घालायचंय?"

"शिंदेशेट, बीपीची गोळी घेतली का आज?"

ओळींचे एक, दोन, तीन हे आकडेही ते स्वतः टाईप करायचे. कॉम्प्युटरने टाकलेले आकडे त्यांना चालत नसत. मधली एखादी ओळ उडवली तर खालचे आकडे आपोआप वर सरकतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, हे त्यांनी कुठेतरी अनुभवलं होतं. मी हसायचो.

त्या कंपाउंडमध्ये बावीस व्हिला होत्या. गफूरभाई चार दिवस छतं मोजत होते. मॅनेजर गोड बोलून गेला, "काम आपका ही है, इन्शाल्ला," आणि आमच्या एस्टिमेटची फाईल घेऊन त्याने काम दुसऱ्यालाच दिलं. इथपर्यंत मी शिव्या घालून विसरलो असतो. पण पहिल्याच मोठ्या पावसात तिथल्या छतांमधून पाणी गळलं, आणि मॅनेजरने रहिवाशांच्या ग्रुपवर लिहिलं की काम गफूरभाईंच्या एस्टिमेटप्रमाणेच केलं होतं, म्हाताऱ्याने उतार चुकीचे मोजले. आमची ठरलेली दोन कामं गेली, त्याचं मला दुःख होतंच. पण गफूरभाई रोज जुनी वही काढून त्याच बेरजा पुन्हा करू लागले. "शेट, माझंच चुकलं असेल काय हो?" असं विचारायचे. छतावर चढायचं त्यांनी बंद केलं.

मग एके दिवशी देशपांडेबाईंचा फोन आला. त्या कंपाउंडमध्ये राहतात, शाळेत गणित शिकवतात, आणि गफूरभाईंनी त्यांनाही उन्हात उभं करून सगळं वाचून दाखवलं होतं. त्यांनी मॅनेजरच्या मागे लागून कामाचा कागद मिळवला होता. लेटरहेड दुसऱ्याचं, मजकूर आमचाच.

"शिंदे, तुमचे गफूरभाई पाचानंतर सात मोजतात का हो?"

मी गाडी काढली आणि तो कागद घेऊन थेट अल मजाजला गफूरभाईंच्या घरी गेलो. पाचवी ओळ मेम्ब्रेनची, सातवी साफसफाईची. सहावी, पाणी भरून चाचणी करण्याची, अख्खी गायब. आकडे मात्र गफूरभाईंनी हाताने टाकलेले, तसेच राहिलेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. "जुलेखा, चहा टाक! दिसली बघ!" मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता मॅनेजरची कॉलर धरतो. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्याला पत्र लिहिलं, चार ओळींचं: मूळ एस्टिमेटात सहावी ओळ होती, ती कुणाच्या सांगण्यावरून काढली, एवढं रहिवाशांना लेखी कळवावं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा छतावर चढले. पत्राचं उत्तर आलं नाही. अकराव्या दिवशी ते गेले.

रहिवासी मात्र गप्प बसले नाहीत. नव्या कामासाठी त्यांनी सहाव्या ओळीशिवाय एकही एस्टिमेट घेतलं नाही. काम आम्हाला मिळालं नाही, आमचा भाव जास्त होता, त्याबद्दल मी अजून चिडलेलो आहे. पण गेल्या आठवड्यात देशपांडेबाईंनी मला त्यांच्या छतावर नेलं. ओळीने पाच छतं पाण्याने भरलेली, पाण्यात आभाळ उतरलेलं, कबुतरं मजेत अंघोळ करतायत... दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: अठ्ठेचाळीस तास झाले, खालून छत कोरडं आहे.

एस्टिमेटं आता मी लिहितो. तीन पानांपर्यंत आलोय. छतावर उभा राहून वाचूनही दाखवतो. माझा आवाज मोठा, त्यामुळे शेजारच्या व्हिलातलेही कठड्याशी येऊन ऐकतात. परवा त्यातल्याच एकाने विचारलं, आमच्याकडे कधी येता?

आता मॅनेजरसाहेब, तुम्हाला मराठी वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. ती ओळ कुणी काढली? बावीस घरांना तुम्ही एका माणसाबद्दल खोटं सांगितलंत, त्याच बावीस घरांना खरं काय ते लिहून कळवा, आणि एक प्रत अल मजाजला जुलेखाभाभींच्या हातात नेऊन द्या. मला फोन करू नका. लिहून द्या, आणि खाली सही करा.