बाबांची डावी बाजू

खामगावात आमचा छोटा फोटो स्टुडिओ होता. नवी जोडपी, नोकरीच्या अर्जाला लागणारे चेहरे, आणि कुणी गेलं की त्याच्या घरी जाऊन काढायचा शेवटचा फोटो, एवढंच बाबांचं काम. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. मुलीनं कॅमेरा धरायचा ही गोष्ट आमच्या गल्लीत तेव्हा कुणी ऐकलेली नव्हती, पण त्या वर्षी बाबांनी एकाएकी मला शिकवायला घेतलं. तेही इतक्या घाईनं, की मला नवल वाटायचं. पडद्यासमोर माणसं बसवणं जमायला लागलं तसे म्हणाले, आता उघड्यावरचा उजेड शीक. झाड हलत नाही, कुरकुर करत नाही, त्याच्यावर हात बसव.

म्हणून होळीनंतरच्या एका रविवारी आम्ही जळगाव जामोदच्या एस.टी.त बसलो. गावापुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगल खात्यानं एक वृक्षबाग लावली होती. कुठकुठली झाडं आणून रांगांनी लावलेली, प्रत्येकाच्या बुंध्याशी टिनाची पाटी. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. फाटकावरचं ‘मुंबई राज्य’ खरडून त्यावरच नवं नाव रंगवलं होतं. बसमधून उतरताना बाबांची पायरी चुकली. ते सावरले आणि हसले. मीही हसले.

डोंगरात कुठंतरी वणवा लागला होता. ज्वाळा दिसत नव्हत्या, पण धुरानं ऊन तांबूस झालं होतं आणि एवढ्या झाडांत एकही पाखरू बोलत नव्हतं. सागाची वाळकी पानं पायाखाली अशी वाजायची, की मागून कुणी येतंय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. रखवालदारानं आत सोडताना बजावलं होतं, मागच्या अंगाला नवी विहीर खोदलीय, कठडा बांधायचा आहे अजून, तिकडं जपून.

आमचा कॅमेरा दोन भिंगांचा. छातीशी धरायचा आणि वरून वाकून काचेत पाहायचं. बाबा मला दाखवत होते, बुंध्यावर तिरपा उजेड पडला की साल कशी उठून दिसते, आभाळ किती घ्यायचं, किती सोडायचं. बोलत बोलत पुढं निघाले आणि बहाव्याची एक फांदी त्यांच्या डाव्या कानशिलावर आदळली. रक्त आलं. फांदी मनगटाएवढी जाड, भर उन्हातली. ती मला लांबूनच दिसली होती, आणि त्यांनाही दिसत असणार म्हणून मी बोलले नव्हते.

जखम पुसून, रुमालाची पट्टी बांधून मी पेल्यात पाणी ओतलं आणि डावीकडून पुढं केलं. पेला त्यांच्या गालापासून वीतभर होता. ते समोर पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “पाणी दे नं.”

मी उजवीकडं जाऊन पाणी दिलं. पुढं चालताना मी मुद्दाम थोडी मागं राहिले आणि डाव्या बाजूनं हात हळूच त्यांच्या डोळ्याजवळ नेऊन बोटं हलवली. पापणी हलली नाही. ते उजेडाबद्दलच बोलत होते.

हे विचारावं कसं, तेच मला कळेना. तेवढ्यात त्यांना अंजनाचं एक उंच झाड आवडलं. कॅमेरा माझ्या हातून घेऊन ते काचेत पाहत पाहत डावीकडं सरकू लागले, मागचं दुसरं झाड चौकटीतून जाईना म्हणून. मातीचा ढीग मला आधी दिसला आणि मग त्याच्या पलीकडचा काळा गोल. हाक मारली तर ते दचकतील, म्हणून मी धावले आणि सदरा धरून त्यांना मागं खेचलं. आम्ही दोघंही पडलो. काठाची माती सुटली. ती खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

“काऊन ओढलं? हालला ना फोटो,” ते चिडून म्हणाले. मग त्यांनी मान पुरती डावीकडं वळवली आणि विहीर पाहिली.

तिथंच मातीत बसून मी विचारलं, “बाबा, तुम्हाले इकडून दिसत नाही?”

“दसऱ्यापासून नाही. आता उजव्याचंही कमी होऊन राह्यलं.”

“मग सांगतलं काऊन नाही?”

“तुले शिकवून होऊ दे म्हटलं आधी.”

परतताना मी त्यांच्या डाव्या हाताला चालले. आईला इतक्यात सांगू नको, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. पण घरी आल्यावर कानशिलावरची पट्टी पाहून आईनं काहीच विचारलं नाही, तेव्हा मी तिला चुलीजवळ गाठून सगळं सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली. दिवाळीपासून तिनं त्यांना लागणारी बादली, पाट, कंदील, सगळं त्यांच्या डावीकडून काढून उजवीकडं ठेवलं होतं. “त्यायले वाईट वाटंल म्हणून बोलली नाही,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं अकोल्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही. औषध नेमानं घातलं तर उरलेलं किती दिवस टिकेल, तेही सांगता येणार नाही, म्हणाले. बाबांनी फक्त एवढंच विचारलं की लग्नसराईपर्यंत टिकेल का; मांडवातले फोटो मला शिकवायचे राहिले होते. डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहीत राहिले.